केळं किती पिकलेलं?

संध्याकाळी ठाण्यातल्या वर्तकनगर नाक्यावर केळ्यांच्या गाडीपाशी थांबलं की गाडीवाला भावाच्या आधी एक प्रश्न विचारतो: ‘आज खायची की परवा?’ आज खायची असतील तर ठिपके पडायला लागलेली फणी हातात येते. परवासाठी घ्यायची असतील तर गाडीच्या मागच्या बाजूची, देठाशी अजून हिरवट असलेली फणी तो काढतो. भाजीसाठी हवी असं सांगितलं, तर शेजारच्या भाजीवाल्याकडे बोट दाखवतो. तिथे गडद हिरवी, टणक, कोपरे फुटलेली केळी काकडी-दुधीच्या शेजारी पडलेली असतात. पोखरण रोडवरून कामावरून परतणारी माणसं, म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधले लोक, उपवनला फेरी मारून येणारे आजी-आजोबा, सगळ्यांचा या गाडीशी रोजचा संबंध. त्यांतल्या बऱ्याच जणांना डॉक्टरांनी किंवा शेजाऱ्यांनी सांगितलेलं असतं, ‘शुगर आहे ना, मग केळं बंद.’

कुठलं केळं बंद, हे मात्र कुणी सांगत नाही. या लेखात मला तेवढंच सांगायचं आहे. हिरवं केळं आणि ठिपक्यांचं केळं एकाच झाडाचं, एकाच घडातलं असलं तरी आपल्या पोटाच्या दृष्टीने ते दोन वेगळे पदार्थ आहेत.

कच्च्या केळ्याच्या शंभर ग्रॅम गरात साधारण वीस ग्रॅम स्टार्च असतो आणि साखर जेमतेम एक-दोन ग्रॅम. तेच केळं पूर्ण पिकलं की स्टार्च एक-दोन ग्रॅमवर येतो आणि साखर पंधरा ग्रॅमच्या वर जाते. बाहेरून काही घातलेलं नसतं. फळातलीच एन्झाइम्स स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतात आणि त्यांची साखर करतात. जळगाव किंवा सोलापूरकडून ठाण्यात येणारी ग्रँड नैन जातीची केळी हिरवीच तोडलेली असतात. बंद खोलीत सोळा ते अठरा अंश तापमानाला त्यांना इथिलीन वायू देतात. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला शंभर पीपीएमपर्यंत परवानगी दिलेली आहे, कॅल्शियम कार्बाइडला मात्र पूर्ण बंदी आहे. इथिलीन हा फळाचा स्वतःचाच संप्रेरक. बाहेरून दिलेला वायू पिकण्याची सुरुवात करून देतो, पुढचं काम केळंच करतं. व्यापारात हिरव्यापासून ठिपक्यांपर्यंत सात टप्प्यांचा रंगतक्ता वापरतात. आपला गाडीवाला तो तक्ता न बघता बोटांनी ओळखतो.

हा बदल डोळ्यांनी बघता येतो, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जखमेवर लावायचं आयोडीन घरात असतंच. भाजीचं हिरवं केळं, देठाशी हिरवट असलेलं पिवळं केळं आणि ठिपक्यांचं केळं, तिघांची एकेक चकती ताटलीत ठेवली आणि प्रत्येकीवर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकले. हिरव्या केळ्याची चकती बघता बघता निळी-काळी झाली, शाईत बुडवल्यासारखी. मधल्या केळ्यावर डाग पडला, पण कुठे गडद, कुठे फिका. ठिपक्यांच्या केळ्यावर आयोडीन आपल्याच तपकिरी रंगात पसरून राहिलं. स्टार्च असेल तिथेच आयोडीन निळं होतं. शाळेत बटाट्यावर करून दाखवतात तोच हा प्रयोग. घरात मुलं असतील तर जरूर करा, फक्त त्या चकत्या नंतर कुणी खाणार नाही हे बघा.

आता तो काळा डाग पोटात गेल्यावर त्याचं काय होतं? फार वर्षं असं मानलं जायचं की स्टार्च म्हटला की तो लहान आतड्यात पचणारच, आणि जे पचत नाही ते फायबर. केंब्रिजमध्ये हान्स एंग्लिस्ट आणि त्यांचे सहकारी अन्नातलं फायबर मोजण्याची नेमकी पद्धत बसवत होते. त्या कामात त्यांना आढळलं की काही स्टार्च एन्झाइम्सना दाद देत नाही. १९८२ साली त्यांनी त्याला ‘रेझिस्टंट स्टार्च’ म्हटलं. पण परीक्षानळीत जे पचत नाही ते माणसाच्या पोटातही पचत नाही, हे दाखवायचं कसं? त्यासाठी एंग्लिस्ट आणि जॉन कमिंग्ज यांनी अशा माणसांची मदत घेतली, ज्यांचं मोठं आतडं शस्त्रक्रियेने काढलेलं होतं आणि लहान आतड्याचं टोक पोटावरच्या पिशवीत उघडत होतं. त्यांना वेगवेगळ्या पिकलेपणाची केळी खायला दिली आणि पिशवीत काय उतरतं ते मोजलं. १९८६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी पिकलेल्या केळ्यांच्या कोरड्या वजनात ३७ टक्के स्टार्च होता, सर्वांत पिकलेल्यांत ३ टक्के. आणि या स्टार्चपैकी ९० टक्क्यांपर्यंत भाग लहान आतड्यातून न पचता तसाच पुढे गेला होता. या शोधाचं श्रेय आपण शास्त्रज्ञांना देतो ते योग्यच, पण पोटावरची पिशवी घेऊन जगणाऱ्या त्या माणसांनी केळी खाऊन, ती पिशवी तपासायला दिली, म्हणून आज हे आपल्याला ठाऊक आहे.

कच्च्या केळ्याचा स्टार्च पचत का नाही, याचं कारण त्याच्या कणांच्या बांधणीत आहे. कण मोठे, पृष्ठभाग गुळगुळीत, आणि आत साखळ्या घट्ट गुंडाळलेल्या सुताच्या गुंड्यासारख्या. एन्झाइमला टोकच सापडत नाही. मग तो गुंडा जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो, आणि तिथे त्याची वाट बघणारे असतात. रुमिनोकॉकस ब्रोमाय नावाचा जीवाणू हा कण फोडण्यात पटाईत आहे. तो फोडतो आणि त्याच्या आधाराने बाकीचे जेवतात. या आंबवण्यातून तीन छोटी आम्लं तयार होतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. शरीराच्या बऱ्याच पेशी रक्तातल्या साखरेवर चालतात, या पेशी आपल्या जीवाणूंनी शिजवलेल्या अन्नावर चालतात. ही आम्लं असली की मोठं आतडं सोडियम आणि पाणी अधिक शोषून घेतं. शेवटचं वाक्य लक्षात असू द्या, ते पुढे उपयोगी पडेल.

आधी ‘केळं बंद’ या सल्ल्याकडे येऊ. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ साली आले. त्यांनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. वर्तकनगरच्या कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये हे आकडे भेटतात. डेन्मार्कमध्ये हर्मनसेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली टाइप-टू मधुमेहींना कमी पिकलेली आणि अति पिकलेली केळी देऊन रक्तातली साखर तपासली. पांढऱ्या पावाला १०० धरलं तर कमी पिकलेल्या केळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स ४३ आला, अति पिकलेल्याचा ७४. फळ तेच आणि आकडा जवळजवळ पावणेदोन पट. रुग्णाने केळं खावं की नाही, किती खावं, हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर केळ्यातल्या पोटॅशियमचाही प्रश्न येतो, आणि तो कच्च्या-पिक्या दोन्ही केळ्यांत येतो. पण चार दिवसांच्या फरकाने इतकं बदलणाऱ्या फळाला एकाच शब्दात निकालात काढणं मला पटत नाही. पिकलेल्या केळ्याचीही बदनामी नको. दात नसलेल्या आजोबांना, तापातून उठलेल्या माणसाला, दूध-केळ्याच्या शिकरणीवर पोळी खाणाऱ्या लेकराला तेच केळं लागतं.

उलट्या बाजूचा अतिरेकही बघितला पाहिजे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे जॉन बर्न आणि जॉन मॅथर्स यांनी लिंच सिंड्रोम असलेल्या, म्हणजे आनुवंशिकतेने कर्करोगाचा धोका जास्त असलेल्या लोकांना रोज ३० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च सरासरी दोन वर्षं दिला. २०२२ साली दीर्घ पाठपुराव्याचे निष्कर्ष आले. आतड्याच्या कर्करोगावर परिणाम दिसला नाही, पण शरीरातल्या इतर ठिकाणचे कर्करोग, विशेषतः पोटाच्या वरच्या भागातले, जवळजवळ निम्म्याने घटलेले दिसले. आकडे लहान होते: स्टार्च घेतलेल्या ४६३ जणांत २७, न घेतलेल्या ४५५ जणांत ४८. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की रोज एक हिरवट केळं खा आणि कर्करोग टाळा. हे मथळे मला बेजबाबदार वाटतात. एक तर हा अभ्यास विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या लोकांचा होता. त्यांना दिलेला स्टार्च पुडीतला होता, केळ्यातला नव्हता. आणि तीस ग्रॅमची मात्रा मिळवायची तर शंभर-सव्वाशे ग्रॅम गराचं अगदी हिरवं, कच्चंच केळं खाऊनही ती पुरी होत नाही. किंचित हिरवट देठाच्या पिवळ्या केळ्यात तर त्याचा छोटा हिस्साच उरतो. अभ्यास मोलाचा आहे, म्हणूनच त्याला त्याच्या जागी ठेवायला हवं.

शिवाय कच्चं केळं कच्चं कोण खातं? चीक, तुरटपणा, आणि चिरताना हाताला तेल लावल्याशिवाय न सुटणारा काळा डाग. आपल्याकडे ते शिजवूनच खातात, आणि इथे खरी अडचण सुरू होते. पाणी आणि साधारण सत्तर अंशांची उष्णता मिळाली की तो घट्ट कण फुगतो, सैल होतो आणि पचायला लागतो. ठाण्यात ताज्या वेफर्सची दुकानं आहेत. कढईवर किसणी धरून कारागीर सोललेलं हिरवं केळं सरळ उकळत्या तेलावर सरकवतो, चकत्या एकेक करून तेलात पडतात, मग मीठ-हळदीच्या पाण्याचा एक हबका, तेल उसळतं, फेस बसतो, झाऱ्याने उपसा. बघत राहावंसं काम आहे आणि गरम वेफर्सची चव तर सांगायलाच नको. पण त्या तळणीत कच्चेपणाचा गुण बहुतांशी जातो, आणि तेल येतं ते वेगळं. उपासाला वेफर्स खाताना ‘कच्चं केळंच तर आहे’ ही समजूत करून घेऊ नये. रवा लावून परतलेल्या कापांचंही थोडंफार तसंच.

एक वाट मात्र उघडी राहते. शिजलेला स्टार्च थंड झाला की त्याच्या काही साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट बसतात आणि तेवढा भाग पुन्हा न पचणारा होतो. हा प्रकार वेगळा, कच्च्या कणाइतका भरघोस नाही, पण खरा आहे. इंडोनेशियात २०१५ साली भातावर हे मोजलं गेलं. ताज्या भातात शंभर ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च होता. चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात तो १.६५ ग्रॅम निघाला. म्हणजे आदल्या रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देणाऱ्या प्रत्येक घरात हे नकळत होत आलं आहे. आताच्या हवेत भात रात्रभर ओट्यावर मात्र ठेवू नये. वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये जावा, नाहीतर त्यात वाढणारे जीवाणू आतड्याच्या उपयोगाचे नसतात. केळ्याच्या बाबतीत या वाटेने जाणारा आपला पदार्थ म्हणजे कच्च्या केळ्याचं दह्यातलं भरीत. केळी सालासकट उकडायची, पूर्ण गार होऊ द्यायची, साल काढून कुस्करायची, दही, मीठ, किंचित साखर, कोथिंबीर आणि वरून तुपात जिरं-मिरचीची फोडणी. उपासाच्या ताटातला हा पदार्थ एरवीही करावा इतका चांगला आहे. सुरुवात थोड्याने करावी. सवय नसलेल्या पोटाला एकदम जास्त मिळालं तर गॅस धरतो, कारण खालचे जीवाणू एकाच वेळी कामाला लागतात.

याच्या अगदी उलट टोकाचा पदार्थही ठाण्याच्याच मातीतला आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती. आगाशी-वसईची सुकेळी प्रसिद्ध. त्यासाठी राजेळी केळी लागतात, लांब, जाड गराची. आधी ती पूर्ण पिकवायची, मग सोलायची आणि उन्हात रोज वाळत घालायची, आक्रसून मधासारखी तपकिरी होईपर्यंत, आणि शेवटी केळीच्याच सुक्या पानात आवळून बांधायची. पानाची गाठ सोडली की जो वास येतो तो दुसऱ्या कशाला येत नाही. आयोडीन टाकलं तर यात निळं व्हायला फारसं काही उरलेलं नसतं. सगळा स्टार्च साखर होऊन गेलेला आणि पाणी उडालेलं, म्हणून ती टिकते आणि म्हणूनच ती एका वेळी एकच खायची. वसईतली केळीची वाडी इमारतींखाली गेली तशी राजेळीही कमी झाली. सुकेळी करणारी घरं आज मोजकीच उरली आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण कच्च्या केळ्याची सर्वांत मोठी कामगिरी मधुमेहाची नाही आणि कर्करोगाचीही नाही. ती जुलाबाची आहे. बंगालमध्ये पोट बिघडलं की काचकल्याचा, म्हणजे हिरव्या केळ्याचा, पातळ झोल देतात. ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात डॉ. जी. एच. रब्बानी आणि सहकाऱ्यांनी या घरगुती उपायाची कसोटी घेतली. पाच ते बारा महिन्यांची ६२ बाळं, चौदा दिवस किंवा अधिक काळ जुलाब न थांबलेली. अशा बाळाला नुसतं पाणी-मीठ भरून काढून भागत नाही, ते रोज थोडं थोडं झिजत असतं. काहींना फक्त तांदळाचा आहार दिला, काहींना त्यात शिजवलेलं हिरवं केळं घालून, काहींना पेक्टिन घालून. तिसऱ्या दिवशी केळ्याच्या गटातली ५९ टक्के बाळं बरी झाली होती, पेक्टिनच्या गटातली ५५ टक्के, नुसत्या तांदळाच्या गटातली १५ टक्के. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे ग्रामीण बांगलादेशात घरच्या घरी देऊनही हिरव्या केळ्याचा उपयोग दिसला.

इथे केळं शिजवलेलं होतं, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलं असेल. शिजूनही पचनातून सुटणारा थोडा स्टार्च आणि केळ्यातलं पेक्टिन, दोन्ही मिळून मोठ्या आतड्यात पोचतात, तिथे ती छोटी आम्लं तयार होतात, आणि आम्लांबरोबर आतडं सोडियम आणि पाणी परत ओढून घेतं. हीच यंत्रणा आपल्या वेल्लोरला वेगळ्या तऱ्हेने सिद्ध झाली. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी कॉलऱ्याच्या ४८ रुग्णांवर काम केलं. नेहमीच्या जलसंजीवनीत मक्याचा रेझिस्टंट स्टार्च मिसळला, तेव्हा जुलाब सरासरी ९१ तासांऐवजी ५७ तासांत थांबले. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे छापून आलं. बाळाला जुलाब झाले की जलसंजीवनी आणि डॉक्टर यांना पर्याय नाहीच. पण पावसाळ्यात दवाखाने भरून जाणाऱ्या आपल्या वस्त्यांत, अंगणवाडीच्या पोषणाच्या बोलण्यात हिरव्या केळ्याचं नाव मला ऐकू येत नाही, आणि ते यायला हवं. महाराष्ट्रात हिरवं केळं मिळत नाही असा तालुका सापडणं कठीण.

मिळण्याचाच विषय निघाला म्हणून जळगावबद्दल. रावेर-यावलच्या पट्ट्यातल्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तांदलवाडीची केळी दुबईला गेली. पण भाव पडतात तेव्हा, किंवा वादळाने बाग आडवी होते तेव्हा, हिरवा घड कुणी घेत नाही. कर्नाटकात २०२१ साली अशाच पडलेल्या भावात ‘अडिके पत्रिके’चे संपादक श्री पड्रे यांनी कच्च्या केळ्याच्या पिठाची चळवळ चालवली. दक्षिण आणि उत्तर कन्नडच्या गृहिणींनी त्याचे डोसे आणि गुलाबजाम करून दाखवले. आपल्याकडे केळ्याचं पीठ नवं नाही. एकादशी-श्रावणात वर्तकनगरच्या वाणसामानाच्या दुकानांतही वरईच्या शेजारी त्याची पाकिटं दिसतात. साल काढून केलं तर चार-पाच किलो कच्च्या केळ्यांचं किलोभर पीठ होतं. आपण त्याचं थालीपीठ लावतो, ते चवीला उत्तम, पण तव्यावर कच्च्या कणाचा बराचसा गुण जातो. तो राखायचा तर चमचाभर पीठ गार ताकात कालवून घ्यावं, जिरेपूड आणि मीठ घालून.

पण ते पीठ कच्चं राहिलेलं असलं पाहिजे. चकत्या उन्हात किंवा पन्नास अंशांच्या आतबाहेर सावकाश वाळवल्या तर कण शाबूत राहतो. आधी उकडून किंवा तापत्या भट्टीत घाईने वाळवल्या तर पीठ दिसायला तसंच, पण आतून शिजलेलं. पाकिटावर कॅलरी असतात, फायबर असतं, ‘उपवासासाठी’ असं ठळक असतं. कशा वाळवल्या, किती अंशांना, उकडल्या होत्या का, हे मी पाहिलेल्या पाकिटांवर कुठे नव्हतं. तिरुचिरापल्लीला आपलं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, जळगावात शेतकरी गट आहेत, गावोगाव पापड-कुरडया वाळवणारे बचतगट आहेत. त्यांनी पाकिटावर ही एक ओळ छापली तरी वर्तकनगरच्या दुकानात मधुमेही गिऱ्हाईक पाकीट उलटं करून ती वाचेल, आणि रावेरच्या हिरव्या घडाला बाजार मिळेल.